पुढची खोली आणि गिरिजाबाईचा हात

लिहून ठेवणार: महादेवप्पा धोंडप्पा हत्तरकी, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी गिरणीत कापड विणणारा साचेवाला, नंतर नव्या पेठेतल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, सध्या घरी बसून खोकणारा, राहणार साखर पेठेमागचा बोळ, सोलापूर.

लिहिण्यास कारण की, डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि नंतर माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघितले. गिरणीतला कापूस आत जाऊन बसला आहे. तो आता निघायचा नाही हे मला समजले.

माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे मानणारे लोक या शहरात रगड आहेत. लाल झेंडेवाले म्हणतात, महादेवप्पाचे डोके छप्पन साली फिरले. आमचे लिंगायत भाऊबंद म्हणतात, ते त्याच्याही आधी फिरले, गळ्यातले लिंग काढून बापाच्या हातात दिले त्या दिवशी. दोघांनाही सांगतो, हा कागद मी कुणाच्या भिडेने, भीतीने किंवा कुठल्या ठरावानुसार लिहीत नाही. ठरावानुसार लिहायचे ते ऐन उमेदीत पुष्कळ लिहून झाले.

वकील म्हणाले, एका बैठकीत लिहा, खाडाखोड करू नका. ते जमायचे नाही. मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिल्या की दारापर्यंत जाऊन येतो, पाणी पितो, परत येतो तोवर त्या ओळी पटेनाशा होतात. जिथे खोडले आहे तिथे बाजूला सही केली आहे.

कलम पहिले. देहाविषयी.

माझ्या देहावर लाल झेंडा टाकू नये. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण मी मेलो की हे लोक तासाभरात येतील. आमच्या सोमलिंगच्या वेळी हेच झाले. सोमलिंग साचेखात्यात माझ्या शेजारच्या साच्यावर होता. माझ्यामागोमाग त्यानेही पक्ष सोडला. मरेपर्यंत एकाने त्याला चहा विचारला नाही. मेल्यावर मात्र झेंडा घेऊन आले, अंगावर पांघरला आणि भाषण ठोकले, की कॉम्रेड शेवटपर्यंत मनाने आमच्यातच होते. त्याची बायको फुलाबाई भिंतीला टेकून बघत राहिली. जिवंतपणी नको असलेला माणूस मेल्यावर यांना हवा होतो. माझ्या बाबतीत ते चालणार नाही.

जे दुसरे लोक आहेत, ज्यांनी मला सात रस्ता चौकातल्या सभांत वर बसवून कम्युनिस्टांवर बोलायला लावले, त्यांचेही हार नकोत. त्यांना मी नको होतो, माझ्या तोंडच्या शिव्या हव्या होत्या. आणीबाणीत मी त्यांच्या सरकारवरही तेच बोललो, तेव्हा त्यांच्यातले एकेक जण सायकलवरून दुसरीकडे बघत जाऊ लागले. हारांचे पैसे त्यांनी स्वतःवर खर्च करावेत.

मला आमच्या भूमीत वडिलांच्या शेजारी, आमच्या रीतीप्रमाणे बसवून पुरावे. बसायला माझी हरकत नाही, आयुष्यभर तेच जमले नाही. मात्र डाव्या तळहातावर लिंग ठेवू नये. ते मी समजून उमजून काढले होते. पक्ष सोडला म्हणून ते परत मागायला गेलो नाही. एक सोडले की लगेच दुसरे धरायचे, हे मला कधी पटले नाही. हात रिकामा राहू द्यावा. जंगमस्वामी ऐकत नसतील तर त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

कलम दुसरे. घराच्या मागच्या भागाविषयी.

मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची माझी मुलगी प्रभा हिला. प्रभा केम गावच्या शाळेत शिकवते. तिने ना लिंग धरले ना झेंडा, मुलांना भूगोल शिकवते आणि सुखात आहे. तिची आई गिरिजाबाई हयात असेतो याच घरात राहील. हे मी देत नाही, तो तिचा हक्कच आहे, लिहायची गरज नव्हती. मला गिरणीतून काढले तेव्हापासून छापखान्यात लागेपर्यंत हे घर तिच्या विड्यांवर चालले, हे बोळातले शेंबडे पोरही सांगेल.

कलम तिसरे. पुढच्या खोलीविषयी.

खरे भांडण याच खोलीचे आहे. बोळाकडे दार असलेली ही खोली वडिलांनी हातमागासाठी बांधली. माग गेला आणि मी तिथे पक्षाची शाखा आणून बसवली. वडिलांचा बसवेश्वराचा फोटो उतरवून त्याच खिळ्याला स्टॅलिनची तसबीर लावली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे मी स्टॅलिनही उतरवला. शाखा दुसरीकडे गेली, पण विडी वळणाऱ्या बायकांची युनियन तिथेच राहिली, कारण ती गिरिजाबाईची. रोज दुपारी तिथे बायका जमतात, मांडीवर सूप, हातात कात्री, आणि तंबाखूच्या वासात त्यांचे अर्ज, तक्रारी, मोर्चे चालतात. मी आतल्या खोलीत बसून त्यांच्या पक्षाविरुद्ध लेख लिहितो. मधे एक पडदा आहे.

एक मेला गिरिजाबाई गच्चीवर चढून लाल झेंडा लावते. घर माझे, मी नको म्हणतो, ती लावते. संध्याकाळी मी तो उतरवतो, घडी करतो आणि तिच्या ट्रंकेवर ठेवतो. उद्या कुणी म्हणू नये, की महादेवप्पा मनातून झेंड्याचा मान राखायचा. रात्रीच्या वाऱ्याने कापडाची कड उसवते. मी साचेवाला आहे, उसवलेले कापड मला बघवत नाही.

तर माझ्या पश्चात ही खोली बंद करून तिथे वाचनालय करावे. सगळ्या बाजूंची वर्तमानपत्रे ठेवावीत. कुठल्याही पक्षाची किंवा पक्षाच्या युनियनची बैठक तिथे होऊ नये. गच्चीवरची काठी काढून टाकावी. खिळा राहू द्यावा, पण त्याला कुणाचा फोटो लावू नये. (सध्या गिरिजाबाई त्याला विड्यांच्या पानांची पिशवी अडकवते. ती चालेल.)

(हे कलम रद्द. कलम सातवे पाहावे. — म. धों. ह.)

कलम चौथे. हत्यारांविषयी.

खिळे जुळवायची माझी स्टिक, चिमटा आणि जाड भिंगाचा चष्मा तिप्पण्णाला आधीच हातोहात दिला आहे, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला कागदातून काही देता येत नाही. तिप्पण्णा छापखान्यात माझ्या शेजारी उभा राहून काम करणारा. मी लिहिलेली प्रत्येक पुस्तिका त्याने जुळवली आणि एकही वाचली नाही, असे तो सांगतो. त्याच्याइतकी शुद्ध छपाई या शहरात कुणाची नाही. गिरणीतली कात्री प्रभाला.

कलम पाचवे. मनात धरलेल्या गोष्टींविषयी.

एकनाथ, शाखेचा तेव्हाचा चिटणीस, माझा जिवाभावाचा मित्र. त्याला मी काही ठेवत नाही. छप्पन सालच्या हिवाळ्यात हंगेरीत, बुडापेस्टमधल्या कामगारांवर रशियाचे रणगाडे गेले. मी शाखेत विचारले, कामगारांवर रणगाडा घालणारे राज्य कामगारांचे कसे? एकनाथ म्हणाला, वरून खुलासा येईल. खुलासा आला. तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वतःच्या नावाने एक पत्रक काढले, पक्षाला न विचारता, आणि गिरणीच्या दारात वाटले. त्यावरून मला काढायचा ठराव आला.

ठरावाची बैठक याच पुढच्या खोलीत झाली, कारण शाखा तिथेच होती. म्हणजे माझ्याच घरात बसून मला बाहेर काढले आणि बाहेर काढल्यावर मी पडदा सरकवून आत गेलो. एकनाथने ठराव वाचला. हात वर करा म्हणाला. हात वर झाले, त्यात एक हात हिरव्या बांगड्यांचा होता. माझी बायको गिरिजाबाई. लोक गेल्यावर ती आत आली आणि मला वाढले. ताटात शेंगाचटणी रोजच्यापेक्षा जास्त होती. मी चटणीला शिवलो नाही. तिने काही सांगितले नाही, मी आजवर विचारले नाही.

हीच हकिकत मी माझ्या पुस्तिकेत लिहिली. सात रस्त्यावर सांगितली, बार्शीला सांगितली, पंढरपूरला सांगितली. जो पक्ष बायकोचा हात नवऱ्याविरुद्ध वर करवून घेतो, तो उद्या तुमच्या घरात काय करील, असे मी म्हणायचो. सभेतली म्हातारी माणसे डोळे पुसायची. माझ्या सगळ्या युक्तिवादात याच्याइतका लागू पडणारा दुसरा नव्हता.

तरी मरणाच्या दारात मनात काही ठेवू नये, म्हणून लिहितो. गिरिजाबाईला मी क्षमा करतो. तो हात तिचा नव्हता, हुकमाचा होता.

(हे सबंध कलम रद्द. — म. धों. ह.)

कलम सहावे. कलम पाचवे का रद्द केले त्याविषयी.

वकील म्हणाले, घरच्यांना वाचून दाखवा, मागून कटकट नको. काल एक मे होता. दुपारी बायका मोर्चाहून परत गेल्या, गिरिजाबाई सूप घेऊन पडद्याजवळ बसली, आणि मी तिला पहिल्यापासून वाचून दाखवले.

झेंड्याच्या कलमाला ती हसली. म्हणाली, झेंडा टाकतंय कोण तुमच्यावर? जे पक्षात राहिले त्यांचा त्यो. मागितला तरी मी देऊ द्यायची न्हाय. मला मिरच्या झोंबल्या. मला नको होता हे खरे, पण मिळणारच नव्हता हे कुणी सांगितले नव्हते.

पाचवे कलम वाचले तेव्हा तिची कात्री थांबली. शेवटच्या ओळीपाशी ती कानडीत साकु म्हणाली, म्हणजे पुरे.

"क्षमा कसली करतासा?" ती म्हणाली. "कुणाचा हुकूम? एकनाथरावांनी मला सकाळीच सांगितलं हुतं, वहिनी, आज बैठकीला येऊ नका, आत बसा. मी न्हाय बसले. माझी मी आले आन् माझा हात मीच वर केला."

मी म्हटले, का?

मग तिने जे सांगितले ते लिहितो. त्या हिवाळ्यात विडीवाल्या बायकांचा संप चालू होता. हे मला माहीत होते. माझे पत्रक गिरणीच्या दारात वाटले गेले, हेही मला माहीत होते. ते पत्रक त्याच दिवशी कारखानदाराच्या माणसाने विडी कारखान्याच्या दारात उभे राहून बायकांना मोठ्याने वाचून दाखवले, हे माहीत नव्हते. बघा, म्हणाला, तुमच्या गिरिजाबाईचा नवराच म्हणतो लाल झेंडा कामगाराला मारतो. चंद्रव्वा नावाची एक बाई होती, संपात सगळ्यांत पुढे. घरात चूल बंद असूनही ती डगमगली नव्हती. ती त्या दिवशी खाली मान घालून कारखान्यात शिरली आणि तिच्यामागून बाकीच्या. संप मोडला. मी आजवर समजत होतो, की तो पक्षाच्या नेभळटपणाने मोडला. तसे लिहिलेसुद्धा आहे.

"तुमचं हंगेरीचं खरं असंल," ती म्हणाली. "मला ते काय ठावं. पण त्यो कागद चार दिस थांबला असता तर हंगेरी काय पळून जात हुती?"

मी म्हटले, खरे बोलायला मुहूर्त लागत नाही. आज चार दिवस थांबा, मग चार महिने, मग वरून खुलासा येईपर्यंत. सगळा पक्ष असाच थांबत थांबत नासला. तोंडाला कुलूप असेच लागते. मला हे अजून तसेच वाटते आणि हे म्हणणे मी मागे घेत नाही.

"वाटू दे की," ती म्हणाली. "म्हणून तर तुमाला घरातनं न्हाय काढलं. नुस्तं पक्षातनं काढलं."

मला घरात बसवेना. चप्पल घालून निघालो. दर कोपऱ्यावर दम घेत सात रस्त्याला गेलो, तिथून एकनाथच्या घरी. बाईसाहेब आपली बाजू सावरायला सांगत असतील, अशी एक घाण शंका मनात होती, ती लपवत नाही. एकनाथशी मी पक्ष सुटल्यापासून बोललो नव्हतो. तो अंगणात बाजेवर होता. डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखले आणि बाजेवर सरकून जागा केली. त्याच्या सुनेने न विचारता पाणी आणले.

मी सरळ विचारले. त्याने धोतराची कड चाचपली. मग म्हणाला, हो, मीच तिला येऊ नको म्हणालो होतो. हुकूम जिल्हा कमिटीचा होता, माझा हात वर जाणारच होता, आणखीही काही जाणार होते. पण मी अंदाज घेतला होता. बरोबरी होत होती, आणि बरोबरी झाली की ठराव पडत होता.

"वहिनी आल्या नसत्या तर तू पक्षात राहिला असतास, महादेवा," तो म्हणाला. "मला तू राहायला हवा होतास."

मी पाणी प्यालो आणि उठलो. तो म्हणाला, बस की. मी म्हटले, बसवत नाही. वाटेत दोनदा परत फिरावेसे वाटले. फिरलो नाही, याची आता चुटपुट लागली आहे. म्हणून एकनाथला माझी आरामखुर्ची. पाचव्या कलमात त्याला काही ठेवत नाही असे लिहिले होते, ते गेले.

आता जे उरले ते असे. त्या खोलीत हुकमाने वर झालेले हात होते, आणि एक हात असा होता, जो खाली ठेव म्हणून सांगूनही वर आला. मी गावोगाव त्याच हाताला धरून सांगत हिंडलो, की बघा, यांना स्वतःची बुद्धी नसते. तिला अक्षर मी शिकवले, त्याच खोलीत, पाटीवर. तिने स्वतःच्या डोक्याने काही ठरवले असेल, ही शंका मला इतक्या वर्षांत एकदाही शिवली नाही. याचा मला राग आला आहे. कुणावर ते नीट सांगता येत नाही. आणि पुढचे लिहू की नको असे झाले आहे, पण लिहितो. तिचा हात तिचाच होता हे कळल्यापासून मला बरे वाटते आहे. माझी बायको कुणाची बाहुली नव्हती.

पुस्तिकेचा गठ्ठा माळ्यावर आहे. त्यातली पाने फाडू नयेत. छापखान्याची रीत आहे, चुकले की शुद्धिपत्र लावायचे. तिप्पण्णाने एक चिठ्ठी जुळवून प्रत्येक प्रतीत चिकटवावी. मजकूर: "बैठकीची हकिकत घडली तशीच आहे. परंतु गिरिजाबाई हत्तरकी यांनी हात कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सांगणे मोडून, स्वतः विचार करून वर केला. लेखकाचा तर्क चुकला." बाकी पुस्तिका तशीच राहील. रणगाड्यांविषयी मला एक अक्षर बदलायचे नाही.

कलम सातवे. पुढच्या खोलीविषयी, शेवटचे.

आज सकाळी गिरिजाबाईला म्हटले, खोली तुझ्या नावावर करतो, कसलीही अट नाही. वाचनालयाला वर्तमानपत्रे कोण घालणार होते देव जाणे. ती म्हणाली, माझ्या नावावर नको, बायकांच्या नावावर करा, मी साक्षीदार हुईन. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी परवा सांगितले होते, ते तिने पडद्याआडून ऐकले होते. मिळण्यापेक्षा साक्ष तिला मोठी वाटली.

म्हणून पुढची खोली, दार, ओटा आणि खिळ्यासह, विडी वळणाऱ्या बायकांच्या युनियनला कायमची. चंद्रव्वा आता तिची अध्यक्ष आहे, कागद तिच्या हाती द्यावेत. तिने ते माझ्याकडून घ्यावेत एवढी विनंती. गच्चीवरची काठी राहू द्यावी. त्या झेंड्याला माझा विरोध आहे आणि माझ्या पश्चातही राहील.

एकच अट घालतो. त्या खोलीत हात वर करायची वेळ येईल तेव्हा कुणाही बाईला आत बसा म्हणून सांगू नये. मग तो हात कुणाच्याही विरुद्ध जावो.

आणखी एक राहिले. काल संध्याकाळी झेंडा उतरवायला मी जिन्यापर्यंत गेलो. तिसऱ्या पायरीवर दम लागला आणि परत आलो. सात रस्त्याला पायपीट केली त्याचा परिणाम. गिरिजाबाईचे गुडघे सकाळी एकदाच चढून थकले होते. झेंडा रात्रभर वर राहिला. सकाळी सुट्टीला आलेल्या प्रभाने उतरवून आणला तेव्हा त्याची कड उसवली होती. माझ्यानंतर हे काम कुणावर टाकावे ते मला सुचत नाही. मी ते कुणी सांगितले म्हणून केले नव्हते.

वरील सर्व मजकूर मी वाचून, खोडून, परत वाचून लिहिला आहे. पहिल्या कलमापासून सातव्यापर्यंत माझेच मन माझ्याशी भांडते आहे असे कुणाला दिसले, तर ते बरोबर दिसले. त्यावरून मला वेड लागले होते असे मात्र कुणी कोर्टात म्हणू नये.

ठिकाण सोलापूर. तारीख २ मे १९७८.

सही: महादेवप्पा धोंडप्पा हत्तरकी

साक्षीदार पहिला: तिप्पण्णा सिद्धप्पा कोरे, नवी पेठ. सदर इसमाने माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या दाखवल्या, त्याने दुरुस्त केल्या.

साक्षीदार दुसरी: गिरिजाबाई महादेवप्पा हत्तरकी. हे ह्यांनी माझ्यासमोर लिवलं. कुणाच्या सांगण्यावरनं न्हाय, सोताच्या डोक्यानं लिवलं. ह्यातलं निम्मं मला पटत न्हाय. तरी साक्षीला हात माझाच हाय. झेंडा सांजच्याला मी उतरवीन.